मिनलॅब जीपीएक्स ६०००: भाड्यानं घ्या, नागपूरला आणू नका

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या लाल मातीत आठ-दहा दिवस सोनं शोधायला निघालेल्या नवख्या माणसाच्या हाती द्यायला मिनलॅब कंपनीच्या जीपीएक्स ६००० या मेटल डिटेक्टरपेक्षा बरं यंत्र सध्या नाही. किंमत आठ-नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात, म्हणजे आपले साधारण पाच लाख. एवढे पैसे घालून ते विकत घ्यायचं आणि ट्रिप संपली की नागपूरला घेऊन यायचं, हा बेत मात्र साफ चुकीचा. पर्थ शहरात आणि सोन्याच्या पट्ट्यातल्या कालगूर्लीत डिटेक्टर भाड्यानं देणारी दुकानं आहेत. आठवड्याच्या बोलीवर घ्या, वापरा, परत करा.

इथे आणून उपयोग का नाही, ते आधी. आपल्याकडे सोनंच नाही असं नव्हे. साकोली पट्ट्यातल्या खडकांत, परसोडी-मरूपारकडे, सोन्याच्या खुणा असल्याचं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं नोंदवलेलं आहे. पूर्व विदर्भातले सोनझारी नदीची वाळू आणि सराफ्यातली धूळ धुऊन कण काढत आलेले आहेत. पण ते सोनं कणांचं, आणि डिटेक्टरला कण ऐकू येत नाहीत. घमेलंभर वाळूत ग्रॅमभर बारीक सोनं विखुरलेलं असलं तरी यंत्र गप्प राहील, कारण एकेका कणात उठणारा विजेचा प्रवाह पकडण्याआधीच विझलेला असतो. यंत्राला सलग दाणा लागतो. ऑस्ट्रेलियात तो मिळतो, आपल्याकडे वाळू धुण्याची थाळीच कामाची. शिवाय कायदा आहे: १९५७ च्या खाण व खनिज कायद्याखाली परवान्याशिवाय खनिजाचा शोध घेता येत नाही, आणि १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. दहा रुपये, म्हणजे जवळपास काहीही. भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय ज्या शहरात आहे, तिथल्या लोकांना तरी हे माहीत असावं.

आता यंत्राकडे. कालगूर्ली, मेन्झीस, लिओनोरा, लाव्हर्टन या पट्ट्यातली माती लाल आहे ती लोखंडामुळे, आणि तिच्यात मॅघेमाइट हे चुंबकीय खनिज भरपूर असतं. स्वस्तातले डिटेक्टर व्हीएलएफ (कमी कंपनसंख्येच्या लहरींच्या) जातीचे: ते सतत लहरी सोडतात आणि सोडता सोडताच ऐकतात, त्यामुळे मातीच सारखी कोकलत राहते. जीपीएक्स हे पल्स इंडक्शनचं यंत्र. कॉइलमधून, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या तारेच्या चकतीतून, विजेचा एक झटका द्यायचा, तो तोडायचा, आणि काही मायक्रोसेकंद थांबून मग कान द्यायचा. तेवढ्यात मातीचा आवाज बराच ओसरलेला असतो, धातूचा अजून शिल्लक असतो. दाणा जितका लहान तितका त्याचा आवाज लवकर विझतो. म्हणून झटका तोडल्यावर यंत्र किती लवकर ऐकायला लागतं, यावर बारीक सोन्याचा सगळा खेळ. जुन्या जीपीएक्स ५००० कडून सुटणारे गुंजभर वजनाचे, म्हणजे ०.१२ ग्रॅमच्या आसपासचे दाणे ६००० उथळ मातीत सांगून जातं. ग्रॅमभराचा दाणा वीतभर खोलीवरून ऐकू येतो असं धरून चालावं. माती तापट, म्हणजे अशा खनिजांनी भारलेली, असेल तर त्याहून कमी.

वजन २.१ किलो. दिवसभर हात झुलवायचा असतो तेव्हा हा आकडा किती महत्त्वाचा, ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खांदा सांगतो. त्याच कंपनीचं जीपीझेड ७००० खोलातल्या मोठ्या दाण्यासाठी सरस आहे, पण तीन किलोच्या वर जातं आणि पट्टा-दोरीशिवाय पेलत नाही. गोल्ड मॉन्स्टर १००० हे ४५ किलोहर्ट्झचं व्हीएलएफ, सव्वा किलोच्या थोडं वर, किंमत ६००० च्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. उघड्या पडलेल्या खडकावर किंवा खरवडलेल्या उथळ जमिनीत ते झकास चालतं, आणि लोखंड ओळखून बाजूला ठेवतं. तापट मातीत मात्र त्याचा जीव घाबराघुबरा होतो. दोघं जात असाल तर एक ६००० आणि एक मॉन्स्टर अशी जोडी भाड्यानं घेणं दोन ६००० घेण्यापेक्षा शहाणपणाचं. पैसे वाचतात हे एक कारण. दुसरं असं की दोन पल्स यंत्रं जवळ आली की एकमेकांच्या कानात ओरडतात. पन्नासेक मीटर अंतर ठेवावंच लागतं.

६००० सोबत ११ इंची गोल मोनो (आत तारेचं एकच वेटोळं) आणि १४ इंची डबल-डी (एकमेकांवर चढलेली दोन वेटोळी) अशा दोन कॉइल येतात. दुकानदाराला ११ इंची मोनो लावूनच द्यायला सांगा आणि डबल-डी पिशवीत मागून घ्या. बारीक सोन्यासाठी मोनोच. डबल-डी काढायची ती दोन प्रसंगी: खाऱ्या तळ्यांच्या काठी, जिथे ओली खारट माती वीज वाहून नेते आणि मोनो वेडंपिसं होतं, आणि विजेच्या तारांजवळ. १७ इंची लंबवर्तुळाकार कॉइल वेगळी मिळते. ती मोठ्या मोकळ्या मैदानाला. नवख्यानं तिच्या मागे लागू नये. जुन्या जीपीएक्सच्या कॉइल यावर चालत नाहीत, म्हणून कुणी मित्र ‘माझी घेऊन जा’ म्हणाला तर आभार मानून सोडून द्या.

सेटिंग फार नाहीत, आणि हाच या यंत्राचा मोठा गुण. सुरू केल्यावर कॉइल जमिनीपासून उचलून, मोबाइल आणि गाडीपासून दूर उभं राहून नॉइज कॅन्सल करायचं, म्हणजे आसपासच्या विजेचा गोंगाट यंत्राला टाळू द्यायचा. मग ग्राउंड टाइप: आधी नॉर्मल, माती सहनच होत नसेल तर डिफिकल्ट. डिफिकल्टवर यंत्र शांत होतं, पण काही सोनंही त्या शांततेत जातं, म्हणून केवळ कानाला बरं वाटतं म्हणून तिथे राहू नये. सेन्सिटिव्हिटी ऑटोवर. ऑटो प्लस जास्त तिखट आहे आणि त्याची कुरकुर ओळखायला सराव लागतो. हाताने १ ते १० निवडता येते, तीही नंतर. मग यंत्राला मातीशी जुळवून घ्यायला लावणारं क्विक-ट्रॅक बटण दाबून धरायचं आणि कॉइल जमिनीवर दहा-पंधरा सेंटिमीटर वर-खाली करत राहायचं, खालीवर होताना आवाज सपाट होईतो. मातीचा रंग बदलला की हे पुन्हा करा. बहुतेक जण इथेच आळस करतात आणि नंतर यंत्राला नावं ठेवतात.

कॉइल फिरवण्याची रीत कंटाळवाणी आहे आणि ती तशीच असायला हवी. जमिनीला जवळजवळ घासून, पण न आपटता. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला तीन-चार सेकंद. टोकाला गेल्यावर कॉइल वर उचलली जाते, अंगणात सडा घालावा तशी. ती सवय पहिल्याच दिवशी मोडा, कारण दोन सेंटिमीटर उंची गेली की बारीक दाणा गेला. पुढचं पाऊल इतकं लहान की कॉइलची निम्मी जागा पुन्हा झाकली जावी.

आवाज आला की लगेच कुदळ मारू नये. आधी त्याच जागेवर आडवी-उभी अशा दोन्ही दिशांनी कॉइल फिरवा. एकाच दिशेनं येणारा आवाज बहुधा मातीचा. मग कॉइल हळूहळू वर न्या: मातीचा किंवा तापट दगडाचा आवाज पटकन मावळतो, धातूचा थोडा वरपर्यंत सोबत येतो. लहान किंवा उथळ वस्तू वरून खाली उतरणारा सूर देते, मोठी किंवा खोल असेल तर खालून वर चढणारा. चढता सूर ऐकून हरखू नका, तो जुना टिनचा डबाही असतो. बुटानं वरची दोन-तीन सेंटिमीटर माती सरकवा आणि पुन्हा ऐका. आवाज सरकला तर वस्तू त्या मातीतच आहे. खणत गेल्यावर माती प्लॅस्टिकच्या स्कूपमध्ये घ्या (धातूचा स्कूप स्वतःच ओरडतो), स्कूप कॉइलवरून फिरवा, अर्धी माती टाका, पुन्हा फिरवा. शेवटी चिमूटभर उरते, ती कॉइलच्या पाठीवर टाकली की दाणा पडताना ‘टक’ ऐकू येतं.

सगळ्यांत मोठी उणीव इथेच आहे: ६००० ला लोखंड ओळखता येत नाही. खिळे, बुटांचे बारीक खिळे, शिशाचे छर्रे, काडतुसांची टोपणं, बिअरच्या कॅनचे तुकडे, सगळं सारख्याच इमानानं सांगतं. कालगूर्लीत पॅडी हॅननला १८९३ मध्ये सोनं सापडलं, तेव्हापासून या भागात माणसानं टाकलेला कचरा जमिनीत आहे. दिवसाला पन्नास खड्डे काढून पन्नासही कचऱ्याचे निघणं यात काही नवल नाही. कुदळीच्या बाजूला जोरदार चुंबक चिकटवून न्या, निम्मा वेळ वाचतो. आणि निघालेला कचरा खिशात घाला. परत टाकलात तर तोच उद्या पुन्हा खणाल.

बाकी खोट्या आवाजांची कारणं साधी असतात. कॉइलखालच्या प्लॅस्टिकच्या ताटलीत माती साचते, ती दर दोन-तीन तासांनी काढून पुसा. कॉइलची केबल दांड्याला घट्ट गुंडाळलेली नसेल तर हलताना खडखड येते. स्टीलच्या टोकाचे बूट, कडं, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल घरीच. आवाज यंत्राच्या स्पीकरपेक्षा हेडफोनवर ऐका. वाऱ्यात बारीक सूर स्पीकरवर हरवतात. बॅटरी दिवसभराला, म्हणजे साधारण आठ तासांना, पुरते. गाडीत चार्ज करायची सोय दुकानातूनच मागून घ्या.

यंत्र कितीही चांगलं असो, चुकीच्या जमिनीवर ते चोरीचं हत्यार आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात आधी मायनर्स राइट हा शोधाचा परवाना काढायचा. फी किरकोळ आहे. त्यावर मोकळ्या सरकारी जमिनीत शोधता येतं. पण चांगल्या जागांपैकी बऱ्याच कुणाच्या ना कुणाच्या लायसन्सखाली असतात. एक्स्प्लोरेशन लायसन्स असलेल्या जमिनीसाठी तिथल्या खाण कायद्याच्या कलम ४० ई चं वेगळं परमिट काढावं लागतं, ते तीन महिन्यांचं असतं. मायनिंग लीज किंवा प्रॉस्पेक्टिंग लायसन्स असेल तर मालकाची लेखी परवानगी, नाहीतर पाय ठेवायचा नाही. कुठली जमीन कशात आहे ते खाण खात्याच्या टेनग्राफ नकाशावर दिसतं. तो जायच्या आधी इथेच बसून बघा, पट्टे ठरवा, अर्ज तयार ठेवा. मेंढ्या-गुरांच्या स्टेशनवर (तिथल्या अवाढव्य कुरणांना हेच नाव) असाल तर स्टेशनवाल्याला कळवा. यंत्र चालवायच्या आदल्या दिवशी परमिटची धावपळ करणाऱ्यांची निम्मी ट्रिप ऑफिसात जाते. आणि प्रत्येक खड्डा बुजवायचा, तो नियम आहे, शिष्टाचार नव्हे.

जागा निवडताना जुन्या खोदकामांच्या कडा, पांढऱ्या क्वार्ट्झचे (गारगोटीचे) तुकडे विखुरलेले उतार आणि त्याखालच्या उथळ घळी बघा. जुने शाफ्ट, म्हणजे खाणींचे उभे खोल खड्डे, हजारोंनी आहेत, काहींची तोंडं झुडपांनी झाकलेली. हेडफोन लावून, नजर कॉइलवर ठेवून मागे पाऊल टाकू नका.

मोसम मे ते सप्टेंबर. नागपूरच्या उन्हाळ्यात वाढलो म्हणून जानेवारीत जाऊ, असं कुणी म्हणत असेल तर त्याला घरी बसवा. ऊन आपल्यासारखंच, पण पाणपोई शंभर किलोमीटरवर. माणशी दिवसाला पिण्याचं पाच लिटर पाणी धरून वर दोन दिवसांचा साठा गाडीत हवा. पर्थपासून कालगूर्ली सुमारे ६०० किलोमीटर, रस्ता उत्तम. त्यापुढे कच्चा भाग सुरू होतो, आणि साध्या भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याला बऱ्याचदा मनाई असते. फोर-व्हील घ्या, दोन स्टेपनी मागा. मोबाइल चालेल या भरवशावर राहू नका; संकटात मदतीचा संदेश पाठवणारा ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन दुकानातच डिटेक्टरसोबत भाड्यानं मिळतो का विचारा. माशांसाठी डोक्यावर जाळी हवीच. हसू येतं, पण दुपारपर्यंतच.

सामानात संत्रा बर्फी नको. दुधाची मिठाई ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर काढून घेतात, आणि न सांगता नेलीत तर दंड होतो. बुटांना शेतातली माती असेल तर धुऊन न्या, तीही चालत नाही.

परतताना दाणे सोबत असतील तर इथे कस्टम्सच्या रेड चॅनलनंच या. बॅगेज नियमांत सोन्याची जी सूट आहे ती दागिन्यांना, आणि तीही वर्षभराहून जास्त परदेशात राहून येणाऱ्यांना. दहा दिवसांच्या प्रवाशाच्या खिशातल्या कच्च्या दाण्यांना ती लागू नाही. जाहीर करा, ड्युटी भरा, पावती जपा. इतवारीतल्या सराफाकडे तो दाणा वितळवायला न्याल तेव्हा हीच पावती पहिली विचारली जाईल. पण मुळात वितळवू नका: निसर्गात सापडणारा दाणा शुद्ध नसतो, त्यात चांदी असते, आणि सराफ शुद्धतेप्रमाणेच भाव देईल. तोच दाणा आहे तसा लॉकेटात बसवून घेतला तर त्याचं मोल वेगळं.