ळ न कळणारं वाचनाचं अ‍ॅप: एका वर्षानंतर

परवा सकाळी दूध आणायला निघाले आणि मोबाईल वाजला. खात्यातून 1,499 रुपये गेले. लेकीला वाचायला शिकवायचं म्हणून गेल्या वर्षी घेतलेलं अ‍ॅप आपोआप पुढच्या वर्षासाठी चालू झालं होतं, आणि ते तर मी दिवाळीतच मोबाईलवरून काढून टाकलेलं! अ‍ॅप काढलं तरी वर्गणी चालूच राहते. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबून ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जायचं आणि तिथं ती वेगळी रद्द करायची. मी तीन मेल केले, पैसे परत मिळाले नाहीत. म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय.

सुरुवातीचे दोन महिने मी खूश होते. लेक तेव्हा मराठी शाळेत पहिलीला. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं, न सांगता बसायची. काना, मात्रा, वेलांटी भराभर आल्या. माझ्या शब्दावर गल्लीतल्या दोघींनीही पैसे भरले, त्याचं आज फार वाईट वाटतं.

मग ळ आला. पडद्यावर ‘बाळ’. तिनं नीट वाचलं, अक्षरं लाल झाली. परत वाचलं, परत लाल. चौथ्यांदा ती ‘बाल’ म्हणाली आणि तारा मिळाला. मी शेजारी बसून ऐकलं, तर अ‍ॅपचा आवाजच ‘शाला’, ‘फला’, ‘पोली’ म्हणत होता. अ‍ॅप मुळात हिंदीसाठी बनवलेलं, मराठी नंतर चढवलेली. हिंदीच्या नेहमीच्या वर्णमालेत ळ नाही, म्हणून मराठीतलाही गेला. ‘चाक’ आणि ‘चिमणी’ यांतला च सुद्धा एकच. पण ते एकवेळ चालवून घेतलं असतं, ळ नाही. वेळ आणि वेल, काळ आणि काल, नळ आणि नल यांत फरक न करणारं अ‍ॅप मराठी वाचायला कसं शिकवणार? आणि आम्ही राहतो कुठं? बेळगावात, अनगोळला, शेजारी येळ्ळूर. कन्नडातही ळ आहेच: हळ्ळी, बेळ्ळी, मळे. दोन्ही भाषांत रोज लागणारं अक्षर या अ‍ॅपनं पोरीच्या जिभेवरून पुसायला घेतलं होतं. एक दिवस ती दारातून ओरडत आली, “आज्जी, शाला सुटली!” सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या. त्याच रात्री अ‍ॅप काढलं.

फुकटातलं काय चांगलं असणार, असं मला तोवर वाटायचं. ते चुकलं. गूगलच्या रीड अलाँग या फुकट अ‍ॅपमध्ये मूल मोठ्यानं वाचतं, अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की अ‍ॅपमधली बोलणारी मदतनीस दिया तो वाचून दाखवते. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की नेट लागत नाही. पावसाळ्यात खानापूरला माहेरी गेलो की नेट जातं, तेव्हा हे फार कामाला आलं.

पण खरा आनंद प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या फुकट गोष्टींच्या साइटनं दिला. तिथं गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, आणि कितीतरी गोष्टी मराठीतही आहेत, कन्नडातही. शाळेत कन्नड सक्तीचं. मी बाजारात कन्नड बोलते, वाचायला मात्र येत नाही. आता आधी मराठी गोष्ट मी वाचते, मग तीच कन्नडात लेक मला वाचून दाखवते. ओत्तक्षर, म्हणजे कन्नडातलं जोडाक्षर, आलं की म्हणते, “आई, आपलं अर्धं अक्षर आधी येतंय, यांचं दुसरं खाली लोंबतंय बघ की.” हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

गोष्टी खुल्या परवान्याच्या असल्यानं छापून घेता येतात. झेरॉक्सवाला पानाला दोन रुपये घेतो, बारा पानांची गोष्ट 24 रुपयांत. त्या 1,499 रुपयांत 62 गोष्टी झाल्या असत्या. कागदावर ती बोट ठेवून वाचते, तारे मागत नाही. फक्त कुणीतरी शेजारी बसावं लागतं. पैशाचं अ‍ॅप मी घेतलं होतं ते तेवढं टाळायला, हेही खरंच.

कुठलंही अ‍ॅप घेणार असाल तर फुकटच्या मुदतीतच पोराला ‘बाळ, वेळ, शाळा’ वाचायला लावा, आणि आवाज स्वतः ऐका.

गेल्या रविवारी मध्यवर्ती बसस्थानकावर आम्ही उभ्या होतो. समोरच्या बसवर फक्त कन्नड पाटी. मी कुणाला तरी विचारणार, तोवर तिनं अक्षर अक्षर लावत वाचलं, “अ-न-गो-ळ.” आम्ही त्याच बसनं घरी आलो.