स्कॅनचे तुकडे जोडण्याआधी आकार कसा जुळवावा: कापून, कॅनव्हास वाढवून की ताणून?

तालमीच्या माडीवर, ट्रंकेत, जुन्या प्रेसच्या पोटमाळ्यावर कोल्हापुरात अजूनही कुस्ती मैदानांची पोस्टरं सापडतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरी-लक्ष्मीपुरीतल्या तळमजल्यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे उरलेले कागद स्कॅन करून ठेवायची घाई रास्तच आहे. अडचण एवढीच की डबल क्राउन पोस्टर २० बाय ३० इंचांचं आणि घरच्या स्कॅनरची काच ए-फोरची. कडा एकमेकांवर चढवून घ्यायच्या म्हटलं की एका पोस्टरचे दहाएक तुकडे होतात. ते जोडायला बसलं की दिसतं, एक तुकडा २४८० पिक्सेल रुंद आहे, तर शेजारचा २४००.

आता तीन रस्ते आहेत. सगळे तुकडे सर्वांत लहान तुकड्याएवढे कापा, लहान तुकड्याभोवती रिकामी जागा (म्हणजे कॅनव्हास) वाढवा, नाहीतर लहान तुकडा ताणून मोठा करा. माझा कौल दुसऱ्याला आहे.

ताणायचा मोह आधी होतो, कारण फोटोशॉपमध्ये ‘इमेज साइज’ किंवा गिंप या फुकट चित्र-सॉफ्टवेअरमध्ये ‘स्केल इमेज’ उघडून आकडा टाकला की काम झाल्यासारखं वाटतं. पण दोन्ही तुकडे ३०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल) घेतले असतील तर २४०० पिक्सेल म्हणजे सुमारे २०३ मिलिमीटर कागद. त्याचे २४८० केले की त्यावरचं सगळं ३.३ टक्क्यांनी फुगतं. डावी कड शेजारच्या तुकड्याशी बरोबर बसवली तर उजवी कड जवळजवळ पावणेसात मिलिमीटर पुढे जाते. पोस्टरवर हे सगळ्यात आधी कुठे दिसतं? पैलवानाच्या नावाच्या शिरोरेखेत. जाड, सरळ रेघ जोडापाशी पायरीसारखी तुटते आणि पुढचं अक्षर मागच्यापेक्षा उंच दिसतं. तिथे कितीही ब्रश फिरवला तरी ते लपत नाही.

ताणणं, किंवा खरं तर लहान करणं, एकाच परिस्थितीत योग्य ठरतं: काही तुकडे ६०० डीपीआयवर घेतलेत आणि काही ३०० वर. तेव्हा ६०० वाले बरोबर ५० टक्के करा. टक्क्यांत करा, पिक्सेलची रुंदी टाकून नको. आणि ३०० वाले वाढवू नका, जो तपशील स्कॅनमध्ये आलाच नाही तो वाढवून येत नाही. डीपीआयबद्दल शंका असेल तर पहिल्या तुकड्यातच कडेला फूटपट्टी ठेवून स्कॅन करा. ३०० डीपीआयवर १०० मिलिमीटरचे ११८१ पिक्सेल भरले पाहिजेत. फाइलच्या माहितीत लिहिलेल्या डीपीआयपेक्षा मला ही पट्टी जास्त भरवशाची वाटते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेले तुकडे तर वापरूच नका, ते वाटेतच लहान झालेले असतात. तालमीतल्या पोरांना सांगा, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

कापण्याने अक्षरं फुगत नाहीत, हे त्याचं चांगलं. पण कापलं जातं ते कडेचंच, आणि जोडायला नेमकी तीच कड लागते. शेजारच्या दोन तुकड्यांत पाव भाग तरी सामाईक असेल तर थोडं कापून चालतं. बोटभरच सामाईक असेल तर कात्री लावू नका.

कॅनव्हास वाढवताना मूळ पिक्सेल जसेच्या तसे राहतात. फोटोशॉप आणि गिंप दोन्हींत ‘कॅनव्हास साइज’ आहे. सगळ्या तुकड्यांना सर्वांत मोठ्याची रुंदी-उंची द्या. वाढवलेली जागा मात्र पांढरी नको, पारदर्शक ठेवा, नाहीतर सॉफ्टवेअर त्या पांढऱ्यालाही कागद समजून जोडात मिसळतं. त्यासाठी टिफ किंवा पीएनजीमध्ये सेव्ह करा, जेपीजीत पारदर्शकता टिकत नाही.

एवढा खटाटोप करायचा की नाही, हे तुम्ही कशात जोडणार त्यावर ठरतं. हगिन हे फोटो जोडायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पोस्टरसाठी मी तेच सुचवेन, पण मुळात ते कॅमेऱ्याच्या फोटोंसाठी बनलेलं आहे. प्रत्येक तुकड्याची रुंदी ते कोनात मोजतं. सगळ्यांना १० अंश दिले की २४०० वाला तुकडा २४८० वाल्याएवढाच रुंद मानला जातो, म्हणजे तुम्ही न सांगता ताणणं झालंच. म्हणून हगिनमध्ये आकार आधी सारखे हवेतच. मग लेन्स ‘रेक्टिलिनियर’ (सरळ रेघा सरळच ठेवणारी) ठेवा आणि तुकड्यांचं सरकणं आणि फिरणं एवढंच मोजायला लावा.

फोटोशॉपमधल्या जोडायच्या ‘फोटोमर्ज’ सोयीला मापं वेगळी असली तरी चालतं, डीपीआय एक असलं की पुरे. त्यातला ‘रिपोझिशन’ तुकडे फक्त सरकवतो. काचेवर कागद थोडा तिरका बसला असेल तर ‘कोलाज’ घ्या, तो फिरवतो आणि लहानमोठंही करतो. पण फोटोशॉपला दरमहा पैसे भरावे लागतात. चार पोस्टरांसाठी ते परवडणारं नाही. कुणाकडे आधीच असेल तर त्याच्याकडे जाऊन बसा.

हे तिन्ही रस्ते टाळणारा चौथा रस्ता स्कॅन करतानाच असतो. स्कॅनर स्वतः कड ओळखून कापतो ती ‘ऑटो’ सोय बंद करा आणि प्रत्येक वेळी पूर्ण काच स्कॅन करा, म्हणजे सगळे तुकडे आपोआप एकाच मापाचे येतात. झाकण निघत असेल तर काढून ठेवा. पोस्टरची दिशा मध्येच उलटी करू नका. स्कॅनरचा उजेड एका बाजूने पडतो, त्यामुळे कागद फिरवला की घडीची सावलीही बाजू बदलते आणि जोड उठून दिसतो.

पुरात भिजून वाळलेलं पोस्टर मात्र वेगळं प्रकरण आहे. कागद तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो आणि वाळताना सगळीकडे सारखा आक्रसत नाही. मापं आणि डीपीआय तंतोतंत जुळवूनही जोड थोडा हलतोच. भिंतीवर लावायची प्रत हवी असेल तर तिथे सॉफ्टवेअरला थोडं वाकवू द्या. नोंद म्हणून जपायचं असेल तर न जोडलेले दहाही तुकडे, फूटपट्टीवाल्या स्कॅनसह, वेगळ्या फोल्डरमध्ये तसेच ठेवा.