टीव्हीची वीज मोजणारा प्लग-वॉटमीटर: घ्यावा का?

घ्यावा. पण टीव्हीसाठी वापरताना मीटरच्या स्क्रीनवरच्या वॉटच्या आकड्यावर थांबू नका. एलईडी टीव्हीत बरीचशी वीज बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) खातो, त्यामुळे सेटिंग आणि दृश्याप्रमाणे आकडा सतत हलतो. मीटर सॉकेट आणि टीव्हीच्या प्लगमध्ये लावून शून्यावर आणा, टीव्ही नेहमीसारखा वापरा आणि २४ तासांनी युनिट वाचा. त्याला ३० ने गुणलं की महिन्याचा हिशेब. सरासरी १०० वॉटचा टीव्ही रोज ६ तास चालला तर १८ युनिट.

मग पिक्चर मोड भडक ‘व्हिव्हिड’वरून कमी उजेडाच्या ‘स्टँडर्ड’वर नेऊन पुन्हा मोजा. या मीटरचे पैसे इथेच वसूल होतात.

सेट-टॉप बॉक्स मात्र वेगळा मोजा. रिमोटने बंद केल्यावरही अनेक बॉक्स जवळपास तेवढीच वीज ओढतात. १२ वॉटचा बॉक्स दिवसरात्र चालू राहिला तर महिन्याला साडेआठ युनिटांहून जास्त! महावितरणच्या घरगुती बिलात १०० च्या पुढची युनिटं चढ्या दराने लागतात, म्हणजे वाचतात ती तुमच्या बिलातल्या सगळ्यात महागड्या टप्प्यातली. रात्री बटण भिंतीवरच बंद करा.

उणिवाही आहेत. स्टँडबायचा (रिमोटने बंद केलेल्या टीव्हीचा) अर्धा वॉट स्वस्त मीटरला दिसतच नाही, तो सरळ शून्य दाखवतो. आत बॅटरी नसेल तर वीज गेल्यावर नोंद पुसली जाऊ शकते. भारनियमनाच्या भागात असं मॉडेल टाळाच. आणि ६ अँपिअरच्या मीटरवर गीझर कधीही लावू नका, पिना तापून प्लास्टिक वितळतं.