तळघराची भिंत आतून झाकताना: प्लास्टिक, फोम शीट की स्प्रे फोम?

तळघरातल्या काँक्रीटच्या भिंतीपुढे सांगाडा उभारायचा, त्यात ऊब टिकवायला ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापसासारखा थर) भरायचं आणि वरून जिप्सम बोर्ड मारायचा, हा बेत सरळ वाटतो. पण बोर्ड लागला की मागची ओल नजरेआड होते. मग ती कळते कुबट वासावरून, आणि तोवर बोर्डाच्या मागच्या कागदावर बुरशी पसरलेली असते. म्हणून सामान आणण्याआधी ओल कुठून येते ते पाहा. अर्धा मीटर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही कडांनी टेपने पक्का चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले, तर ओल मातीतून भिंतीत येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमले, तर खोलीतल्या हवेतलं बाष्प गार भिंतीवर निवतं आहे. काहीच दिसलं नाही तरी वर्षातल्या सर्वांत दमट दिवसांत एकदा पुन्हा करून बघा.

भिंतीवरून पाण्याचा ओघळ येत असेल, तर आधी बाहेरचं काम. पन्हळीचं पाणी घरापासून लांब सोडा, भिंतीलगतच्या जमिनीला पहिल्या 3 मीटरमध्ये 15 सेंटीमीटर तरी उतार द्या, भेगा भरा. ते न करता आत काहीही लावलं तरी पैसे वाया जातात.

सर्वांत स्वस्त आणि सर्रास केला जाणारा प्रकार म्हणजे सांगाड्यात ग्लासवूल आणि त्यावर प्लास्टिकचा कागद. माझं स्पष्ट मत आहे की तळघरात हा करू नये. 20 अंश तापमानाच्या, 50 टक्के आर्द्रतेच्या हवेतलं बाष्प साधारण 9 अंशांच्या पृष्ठभागावर निवू लागतं. ग्लासवूलमुळे खोलीची ऊब भिंतीपर्यंत पोचत नाही, भिंत आणखी गार होते; पण ग्लासवूलमधून हवा मात्र आरपार जाते. प्लास्टिक ती अडवेल असं वाटतं, तर स्विचच्या डब्याभोवती, सांध्यांतून, वरच्या कडेने ती शिरतेच. आणि खरी अडचण उलट दिशेची आहे. जमिनीखालच्या भिंतीला बाहेर ओली माती असते, त्यामुळे ती सुकू शकते फक्त आतल्या बाजूने. तीच वाट आपण प्लास्टिकने बंद करतो. ओल मधे कोंडते आणि लाकूड ती पितं. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या वर राहू लागला की बुरशीची काळजी करावी. 28–30 टक्क्यांच्या पुढे ते कुजायला लागतं.

‘मागे दोन बोटं फट ठेवली की हवा खेळते’ असं बरेच कारागीर सांगतात. लाकूड काँक्रीटला टेकू नये म्हणून फट चांगलीच. पण बंद फटीत हवा खेळत नाही, तिथल्या तिथे फिरते आणि बाष्प गार भिंतीवर नेऊन सोडते.

फोम शीटची गोष्ट वेगळी. एक्सपीएस या घट्ट, कडक फोमची 5 सेंटीमीटर जाड शीट थेट काँक्रीटला चिकटवायची, सांधे टेपने बंद करायचे आणि सांगाडा तिच्यापुढे उभारायचा. खोलीतली हवा गार भिंतीपर्यंत पोचतच नाही, आणि शीटची आतली बाजू उबदार राहते. शीटमधून बाष्प अगदी थोडं जातं, त्यामुळे भिंतीला हळूहळू सुकायला वाव राहतो. थर्माकोलची शीट स्वस्त पडते, तिच्यातून बाष्प जास्त जातं, मात्र तेवढ्याच उबेसाठी ती जाड घ्यावी लागते. चिकटवायला फोमसाठीचाच गोंद घ्या. साध्या सॉल्व्हंटच्या गोंदाने शीट विरघळते. काम घरच्या घरी जमतं, फक्त सांध्यांवर चिकाटी लागते. एकही उघडा राहिला तर तिथेच ओल धरते.

भिंत दगडी, ओबडधोबड असेल तर शीट नीट बसत नाही. तिथे फवारून मारायचा स्प्रे फोम घ्या, तोही क्लोज्ड सेल, म्हणजे ज्यातले बारीक बुडबुडे बंद असतात. उघड्या बुडबुड्यांचा ओपन सेल फोम स्पंजासारखा पाणी धरतो, तो इथे नको. स्प्रे फोम कानाकोपरा भरतो, मजल्याच्या तुळया जिथे भिंतीवर टेकतात तिथली अवघड जागाही. पण तो महाग आहे, प्रशिक्षित माणसाकडूनच मारून घ्यावा लागतो, तो पक्का होईपर्यंत घराबाहेर राहावं लागतं आणि चुकला तर खरवडून काढणं फार कष्टाचं.

भिंत अधूनमधून पाझरतेच, बाहेरून खणणं शक्यच नाही, तर भिंतीला उंचवट्यांचा प्लास्टिकचा पडदा लावा. उंचवट्यांमुळे मागे फट राहते आणि पाणी तिच्यातून खाली उतरतं. खाली निचऱ्याची नाली आणि पंप नसेल तर ते फरशीवर येईल. शिवाय या पडद्याने ऊब मिळत नाही.

सपाट, न पाझरणाऱ्या भिंतीला मी एक्सपीएस शीटच लावेन. बाष्परोधक प्लास्टिक कुठेही नाही. दोन्ही प्रकारचा फोम पेट घेतो, त्यामुळे त्यावर 12.5 मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड हवाच.

सांगाडा लाकडी की पत्र्याचा, याने फारसा फरक पडत नाही: पत्रा कुजत नाही, पण गार भिंतीला टेकला तर घामेजून गंजतो. लाकूड घेतलं तर खालची आडवी पट्टी प्रक्रिया केलेल्या लाकडाची घ्या आणि तिच्याखाली फोमची पट्टी घाला, कारण फरशीही मातीतली ओल वर ओढते. बोर्डाची खालची कड फरशीपासून 1 सेंटीमीटर वर ठेवा. काँक्रीट नवं असेल, तर त्यात कालवलेलं पाणीच बाहेर पडायला महिनोन् महिने लागतात. शक्य असेल तर वर्षभर भिंत उघडी राहू द्या.