कुस्तीचं मैदान लाईव्ह दाखवण्याचा संच: अख्ख्या हंगामाच्या वापरानंतर

जत्रेच्या मैदानात पोरांच्या कुस्त्या दुपारी सुरू होतात आणि एक नंबरची जोड, म्हणजे दिवसाची सगळ्यात मोठी कुस्ती, लागते रात्री. संचाची खरी परीक्षा तीच. त्या वेळी गर्दी सगळ्यात जास्त, त्यामुळे मोबाईलचं नेटवर्क सगळ्यात कमजोर, बॅटऱ्या उतरत आलेल्या, आणि घरी बसून बघणारेही सगळ्यात जास्त. त्यात पैलवानाच्या घरचे असतात, मुंबईला कामाला गेलेले असतात, फौजेत असलेले असतात. दुपारी तीनला तपासून 'चालतंय की' म्हटलेल्या सामानावर मी भरवसा ठेवत नाही. सांगली, कोल्हापूर, सातारा भागातल्या मैदानांत हंगामभर वापरून जे टिकलं, ते लिहितो.

आधी इंटरनेट, कारण निम्मं डोकं तिथंच जातं. आपल्याला हवा असतो अपलोडचा, म्हणजे इथून वर पाठवण्याचा वेग, आणि एक नंबरची कुस्ती लागली की हजारो लोक फोन वर करून तीच कुस्ती स्टेटसला टाकत असतात. टॉवर तोच. सिमकार्डवर चालणारा राउटर दुपारी झकास पळतो आणि नेमका त्या वेळी बसतो. कंपनी बदलून फारसा फरक पडत नाही. डेटाचंही गणित आहे: साडेचार मेगाबिटने स्ट्रीम केलं तर तासाला साधारण २ जीबी जातात. रोज २ जीबीवाला प्लॅन तासाभरात संपतो.

आता बऱ्याच गावांत फायबर पोचलंय. पतसंस्थेत असतं, दूध संस्थेत असतं, नाहीतर मैदानाजवळच्या एखाद्या घरी असतंच. तिथून मैदानापर्यंत टीपी-लिंकच्या सीपीई५१० ची, म्हणजे बिनतारी इंटरनेट पोचवणाऱ्या डब्यांची जोडी लावायची: एक त्या गच्चीवर, दुसरा आपल्या मचाणापाशी (कॅमेऱ्यासाठी बांधलेल्या उंच माळ्यापाशी), दोघांची तोंडं एकमेकांकडे. ५ गिगाहर्ट्झवर चालतात, मोबाईलच्या गर्दीशी यांचा संबंध नाही, आणि माझ्या मते या संचातला पैसा वसूल करणारा नग हाच. अट एकच, मध्ये झाड, पाण्याची टाकी, लाईटचा टॉवर काही नको. सेटिंगच्या पानावर सिग्नलचा आकडा बघत डबा केसभर केसभर फिरवायचा. उणे ६० डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप) आसपास आला की हात थांबवायचा. मचाणाच्या बांबूला मात्र बांधू नका. माणसं चढली की बांबू डोलतो आणि आकडा वरखाली होतो. वेगळा लोखंडी पाईप जमिनीत रोवून त्यालाच आवळायचा. डब्याला वीज सोबतच्या २४ व्होल्टच्या अडॅप्टरनेच द्यायची. सिमचा राउटर तरीही जवळ ठेवतो, गच्चीवरची वीज गेली तर उपयोगी पडतो.

मिक्सिंगला, म्हणजे एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जायला, ब्लॅकमॅजिकचा एटेम मिनी प्रो हा स्विचर. चार एचडीएमआय कॅमेरे लागतात, लॅपटॉपशिवाय थेट यूट्यूबवर जातं. इंटरनेट इथरनेटच्या तारेनं दिलं की यूएसबी-सीचं तोंड मोकळं राहतं, तिथं एसएसडी (वेगवान डिस्क) लावून रेकॉर्डिंग चालू ठेवायचं. लाईन तुटली तरी कुस्ती हातात राहते. मल्टिव्ह्यूमध्ये, म्हणजे सगळे कॅमेरे एकत्र दाखवणाऱ्या पडद्यावर, डेटा रेट आणि कॅशचा (पाठवायच्या राहिलेल्या चित्राच्या साठ्याचा) टक्का दिसतो. कुस्ती सोडून माझी नजर तिथंच असते. कॅश चढायला लागली म्हणजे अपलोड कमी पडतोय. स्ट्रीमची क्वालिटी फायबर असेल तर 'मीडियम', सिमवर असेन तर 'लो'. लाल माती आणि मागची हलणारी गर्दी यामुळे 'लो'वर चित्र थोडं फुटतं, पण अडकत नाही, आणि लोक तेवढं चालवून घेतात.

कॅमेऱ्यावर मी कमी खर्च केलाय. मचाणावर लांब झूमचा कॅमकॉर्डर, हौद्याच्या (कुस्तीच्या लाल मातीच्या आखाड्याच्या) कडेला दुसरा. मिररलेस कॅमेऱ्याचं चित्र देखणं येतं, पण एप्रिलच्या उन्हात तासन् तास चालवला की बरेचसे तापतात. फ्लडलाईटखाली मात्र एक सेटिंग सांभाळाच: सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची. कॅमेरा ३० फ्रेम आणि १/६० वर असला की काही एलईडी दिव्यांखाली चित्रात काळपट पट्टे सरकत राहतात, आणि पैलवानाचा ढाक डाव त्या पट्ट्यांतच हरवतो.

एचडीएमआयची तार पंधरा मीटरच्या पुढं धोक्याची, शिवाय तिच्या तोंडाला लॉक नसतं. कडेच्या कॅमेऱ्याला एसडीआयची (लांब अंतरावर चालणारी, तोंडाला लॉक असलेली व्हिडिओची) तार टाकतो, दोन्ही टोकांना कन्व्हर्टर. तार हौद्यामागून मातीखालून न्यायची, नाहीतर हलगीवाल्यांच्या पायात येते.

आवाजाकडं लोक फार दुर्लक्ष करतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. निवेदक पैलवानाचं गाव, तालीम, वस्ताद सांगतो तेव्हा कुस्ती कळायला लागते. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून तार घ्या, मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (विजेची घरघर अडवणारी छोटी डबी) लावा, नाहीतर जनरेटरची घरघर सगळीकडं. एटेमच्या सॉफ्टवेअरमध्ये ते इनपुट 'लाईन' करा; 'माईक'वर आवाज फाटतो. हलगीसाठी वेगळा माईक, त्यावर वाऱ्याची केसाळ टोपी. आणि दोन कुस्त्यांच्या मध्ये स्पीकरवर गाणी लागली की मिक्सरची तार लगेच बंद. यूट्यूब लाईव्हमध्येही कॉपीराइट तपासतं. सूचना देऊन स्ट्रीम थांबवू शकतं.

विजेसाठी मंडपवाल्याच्या जनरेटरवर विसंबू नये. मध्येच डिझेल भरायला बंद करतात. माझा सगळा भार १०० वॅटच्या आसपास आहे, त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरसारखा संच, १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी टेम्पोतून नेतो. जड आहे, उचलायला दोघं लागतात, पण अख्खं मैदान निघतं.

एक गोष्ट अजून जमलेली नाही: रिप्ले. पोकळ घिस्सा डाव बसला की बघणारे लगेच मागतात 'परत दाखवा', आणि एटेम मिनी प्रोमध्ये ती सोय नाही. व्हीमिक्स या लॅपटॉपवरच्या मिक्सिंग सॉफ्टवेअरच्या वरच्या आवृत्त्यांत आहे, पण त्याला दमदार लॅपटॉप लागतो आणि विजेचा भारही वाढतो. पुढच्या हंगामाआधी त्याचाच विचार चाललाय. मैदानात कोणी वापरलं असेल तर बॅटरीवर किती वेळ चाललं ते जरूर सांगा.