दाढ बसली, बिल जरा टोचलं

खालची दाढ काढून २ वर्षं झाली होती. भाकरी एकाच बाजूने चावायची सवयच लागलेली. शेवटी घराजवळच्या दवाखान्यात इम्प्लांट करून घेतलं. भूल दिल्यावर दुखलं नाही, पण हाडात ड्रिल फिरताना अख्ख्या डोक्यात जी घरघर होते, ती आधी कुणी सांगत नाही! टायटॅनियमचा स्क्रू हाडात पक्का धरेपर्यंत ३ महिने थांबले, मग वर झिर्कोनियाची कॅप. डॉक्टरांचा हात हलका. तक्रार एकच: सुरुवातीला सांगितलेल्या रकमेत कॅप धरलेलीच नव्हती, हे शेवटी बिल हातात आल्यावर कळलं. आधीच सगळं लिहून मागा. परवा हुरडा खाल्ला, दोन्ही बाजूंनी. फटीत कण अडकतात, त्यासाठी बारीक ब्रश दिलाय. रोज रात्री फिरवते.