गोव्यातला हीट पंप गीझर : यंत्राला पाचपैकी चार, फिटिंगला दोन

चार-सहा खोल्यांच्या होमस्टेवाल्याने गरम पाण्याची चौकशी केली की विक्रेता हल्ली हीट पंप सुचवतो. २०० लिटरची उभी टाकी आणि बाहेर बसणारे, एसीच्या आउटडोअरसारखेच दिसणारे युनिट. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचे नाही. या प्रकारच्या यंत्राचे आणि त्यासोबत मिळणाऱ्या फिटिंग-सर्व्हिसचे आहे. गोव्याच्या हवेला यंत्र फार छान मानवते. फिटिंगचे मात्र त्रांगडे आहे: काम प्लंबरचे, वायरमनचे आणि एसी मेकॅनिकचे, आणि तिघांच्या मधल्या सांध्याचा धनी कोणीच नाही. बिघाड नेमके तिथेच होतात.

आधी यंत्राचे श्रेय यंत्राला. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून ती पाण्यात सोडायची, एवढेच त्याचे काम. हवा जितकी उबदार तितके ते सोपे. आपल्या किनाऱ्यावर जानेवारीच्या पहाटेही पारा विसाच्या आसपास असतो, त्यामुळे वर्षभर त्याला खुराक आहे. २६ अंशांचे २०० लिटर पाणी ५५ अंशांवर न्यायला साधारण ६.७ युनिट उष्णता लागते. साधा गीझर तेवढीच वीज खातो. हीट पंपाचा सीओपी, म्हणजे एका युनिट विजेमागे मिळणारी उष्णता, साडेतीन धरला तर तेच काम १.९ युनिटमध्ये होते. रोज पावणेपाच युनिटांची बचत. युनिटला पाच रुपये धरले तर वर्षाला पावणेनऊ हजार. अट एकच, २०० लिटर रोज संपले पाहिजेत. तीन माणसांच्या, बादलीने आंघोळ करणाऱ्या घराला हे यंत्र घेऊ नये. तिथे टाकी दिवसभर नुसती थंड होत राहते आणि पैसे वसूल होत नाहीत. कॅटलॉगात सीओपी चारच्या वर छापलेला असेल तर तो किती अंशांच्या हवेला आणि किती गरम पाण्याला मोजलाय ते विचारावे. पाणी ६५ अंशांवर न्यायला लागले की आकडा उतरतो.

सोलरशी तुलना होणारच. ऑक्टोबर ते मे सोलरला तोड नाही. पण जून ते सप्टेंबर छपरावरचे पॅनेल पाऊस झेलत बसते आणि आतली दोन किलोवॅटची कॉइल बिल वाढवते. हीट पंपाला ढग असले काय, नसले काय. उलट दमट हवेतली वाफ आउटडोअरच्या पत्र्यांच्या जाळीवर पाणी होताना आपली उष्णता देऊन जाते. छपरावर सोलर वीज असेल तर टायमर सकाळी अकरा ते दुपारी चार लावावा. हवाही गरम आणि वीजही घरची.

२०० लिटर किती पुरते? ५५ अंशांच्या टाकीतून थंड पाण्याचा दाब ढकलत असताना १६० ते १७० लिटर कामाचे निघते. ४० अंशांच्या २० लिटरच्या बादलीत त्यातले दहाएक लिटर जाते, म्हणजे सोळा बादल्या. पण पाहुणे शॉवर घेतात. मिनिटाला आठ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली आठ मिनिटे म्हणजे ३१ लिटर गरम पाणी, म्हणजे पाचच शॉवर. बीचवरून सगळे एकदम संध्याकाळी परततात. पुन्हा टाकी भरून तापायला ३.५ किलोवॅट उष्णता देणाऱ्या युनिटला दोन तास लागतात, लहान युनिटला साडेतीन. सहा खोल्यांना २०० लिटर विकणारा विक्रेता पहिल्याच डिसेंबरात तोंडघशी पडतो. ३०० लिटरची टाकी किंवा दोन टाक्या घ्याव्यात.

निवडीत एक गोष्ट गोव्याने जगापेक्षा वेगळी ठरवावी. आउटडोअर दोन प्रकारचे येतात. एकात गॅसच्या (एसीत असतो तसा, उष्णता वाहून नेणारा) तांब्याच्या नळ्या टाकीपर्यंत जातात. दुसऱ्यात गॅस कारखान्यातच बंद केलेला असतो आणि युनिट ते टाकी नुसते पाणी फिरते. त्याला मोनोब्लॉक म्हणतात. थंड देशांत मोनोब्लॉकबद्दल मोठी तक्रार असते की बाहेरची पाण्याची नळी गोठते. आपल्याकडे ती भीतीच नाही. मग साइटवर फ्लेअर मारणे (जोडासाठी नळीचे तोंड पसरवणे), व्हॅक्यूम करणे, गॅस भरणे हे सगळे धोक्याचे काम टाळता येत असेल तर का करायचे? जागा असेल तिथे मोनोब्लॉकच घ्यावा. त्याला पाणी फिरवणारा छोटा पंप आणि गाळणी लागते. गाळणी साफ झाली नाही तर पाण्याचा वेग पडतो आणि युनिट हाय प्रेशरवर बंद पडते, एवढेच लक्षात ठेवायचे.

युनिट कुठे बसवायचे

भरलेली टाकी अडीचशे किलोच्या वर जाते. ती माळ्यावर किंवा कौलारू घराच्या लाकडी तक्तपोशीवर चढवू नये. खाली काँक्रीट हवे. आउटडोअर जमिनीवर ठेवणे उत्तम: १५ ते २० सेंटिमीटर उंच काँक्रीटचा ओटा, त्यावर रबर पॅड, आणि ३१६ ग्रेड स्टेनलेसचे बोल्ट. ओटा कमी उंचीचा असला की पावसाचे थेंब तांबडी माती उडवून जाळीत भरतात. भिंतीवर टांगणे भाग असेल तर भिंत कशाची ते आधी पाहावे. चिऱ्याच्या भिंतीत एक्स्पान्शन अँकर (आत फुगून घट्ट बसणारा बोल्ट) फुगवला की चिरा आतून फुटतो आणि कंपनांनी अँकर सैल होत जातो. तिथे भिंतीतून आरपार बोल्ट घालून मागे लोखंडी पट्टी द्यावी, नाहीतर ब्रॅकेट बीमलाच धरावे. पहिल्या मजल्याच्या वर काम असेल तर कामगाराला फुल बॉडी हार्नेस हवाच आणि दोर पक्क्या आधाराला हवा. खिडकीच्या ग्रिलला किंवा आताच ठोकलेल्या ब्रॅकेटला दोर बांधलेला दिसला तर काम तिथेच थांबवावे.

मागे किमान ३० सेंटिमीटर, समोर मोकळे एक मीटर, सर्व्हिस पॅनेलच्या बाजूला माणूस बसेल एवढी जागा. पणजी-मडगावच्या फ्लॅटांतल्या अरुंद डक्टमध्ये हे जमत नाही. पंख्याने बाहेर फेकलेली थंड हवा तोच पुन्हा ओढतो आणि सीओपी घसरतो. शोभेसाठी घातलेली लाकडी जाळी तेच करते. आणि माडाखाली नको. वरून पडणाऱ्या नारळाची वॉरंटी कोणी देत नाही.

जाळीखाली पाणी जमते, पावसाळ्यात एका फेरीत अंदाजे दोन-तीन लिटर. त्याची ड्रेन नळी उताराने बाहेर न्यायला मेकॅनिक हमखास विसरतो. मग ओटा शेवाळतो, आणि मालक फोन करतो की यंत्र गळते.

खारा वारा हा खरा शत्रू. कांदोळी, मोरजी, कोलवा, बाणावली इथे समुद्रासमोरच्या बाजूला युनिट बसवू नये. घराची आडची बाजू निवडावी. जाळीच्या पत्र्यांवर गंजरोधक लेप आहे का ते खरेदीआधी विचारावे. फोंडा, डिचोली, वाळपईत हा प्रश्न बराच सौम्य आहे.

पाण्याची बाजू

थंड पाण्याच्या नळीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आणि टाकीवर तापमान-दाब सुरक्षा व्हॉल्व्ह, बहुधा ९९ अंश आणि ७ बारचा. या दुसऱ्या व्हॉल्व्हबद्दल तडजोड नाही. २०० लिटर पाणी ५५ अंशांपर्यंत तापताना साधारण दोन लिटर फुगते आणि नॉन-रिटर्न लावल्यावर ते फुगलेले पाणी इथूनच थेंबथेंब बाहेर पडते. तापताना थोडे टपकणे हे व्हॉल्व्ह काम करत असल्याचे लक्षण. ते 'गळते' म्हणून प्लंबर नळीच्या टोकाला बूच मारतो, आणि टाकीचा बॉम्ब तयार होतो. नळी खाली उतरती, तोंड उघडे, मध्ये एकही कॉक नको, आणि अंगावर उडणार नाही अशा जागी सोडलेली.

टाकीतून निघणारी पहिली अर्धा मीटर नळी धातूची, पुढे सीपीव्हीसी. साधे पीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही. नळ्यांवर १३ मिलिमीटरचे नायट्राइल इन्शुलेशन आणि उन्हात असेल तिथे वरून टेप. उघड्या नळीत सकाळची पहिली बादली वाया जाते. जीआय (जस्त चढवलेले लोखंड) आणि तांबे थेट जोडू नये, मध्ये डायइलेक्ट्रिक युनियन, म्हणजे दोन धातू वेगळे ठेवणारा जोड, घालावे.

जांभ्या दगडातून येणारे विहिरीचे पाणी बऱ्याचदा किंचित आम्ल असते आणि ते टाकीचे लोखंड खाते. त्यासाठी टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते; टाकीऐवजी ती झिजते. वर्षातून एकदा काढून पाहावी, अर्ध्याहून बारीक झाली की बदलावी. विक्रेते हे सांगतच नाहीत, आणि कांडी संपल्यावर टाकी गळायला लागली की वॉरंटी कार्डातली बारीक अक्षरे दाखवतात.

तापमान ५५ ठेवावे; साठलेल्या पाण्यातले लेजिओनेला जंतू मारण्यासाठी आठवड्यातून एकदा ६० अंशांपर्यंत न्यावे. पण ६० अंशांच्या पाण्याने पाचेक सेकंदांत कातडी भाजते. पाहुण्यांच्या बाथरूमकडे जाणाऱ्या नळीवर मिक्सिंग व्हॉल्व्ह लावून पाणी ४५ वर आणावे.

वीज आणि गॅस

कॉम्प्रेसर आणि आतली बॅकअप कॉइल मिळून तीन किलोवॅटपर्यंत भार जातो, म्हणजे १३ अँपिअर. बाहेर साधा सोळाचा सॉकेट लावून प्लग खुपसणे हा शुद्ध आळस आहे. स्वतंत्र वायर चार चौरस मिलिमीटर तांब्याची, २० अँपिअरचा एमसीबी, विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, आणि युनिटच्या नजरेच्या टप्प्यात पावसाला बंद असा आयसोलेटर, म्हणजे वीज पूर्ण तोडणारा स्विच. केबल खोक्यात खालून शिरली पाहिजे. वरून आली की पावसाचे पाणी तिच्या अंगाने आत उतरते. नवे युनिट लावण्याआधी जुन्या घरांतले अर्थिंग वायरमनकडून मोजून घ्यावे, 'आहे' या शब्दावर समाधान मानू नये. आपल्याकडे पावसात वीज येते-जाते, म्हणून वीज परतल्यावर कॉम्प्रेसर तीन मिनिटे थांबून सुरू होतो का, तेही पाहावे.

गॅसच्या नळ्यांचा प्रकार घेतलाच असेल तर फिटिंगच्या दिवशी समोर उभे राहावे. नायट्रोजनने दाब चाचणी, मग व्हॅक्यूम पंपाने ५०० मायक्रॉनच्या खाली, पंप बंद करून दहा मिनिटे काटा स्थिर. 'थोडा गॅस सोडून हवा काढतो' असे म्हणणाऱ्याला चहा देऊन परत पाठवावे. पाव इंची फ्लेअर नटला साधारण १५, तीन अष्टमांश इंचीला ३५ न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर नट एकतर सैल राहतो, नाहीतर फ्लेअर चिरतो. या यंत्रांत भरल्या जाणाऱ्या गॅसपैकी आर-३२ मंद पेटतो, आर-२९० म्हणजे प्रोपेनच. दोन्ही हवेपेक्षा जड, त्यामुळे गळती गटाराच्या तोंडाशी, खड्ड्यात साचते. नळीत गॅस असताना ब्रेझिंगचा (नळ्या जोडायचा) टॉर्च पेटवायचा नाही, आणि जवळपास विडी-सिगारेट नको.

सर्व्हिस

किनाऱ्यालगतच्या युनिटची जाळी महिन्यातून एकदा नळाच्या गोड्या पाण्याने, आधी एमसीबी बंद करून धुवावी. पाइप मंद धरावा. जेट वॉशरने पत्रे वाकतात. आम्लाच्या क्लीनरला तर हात लावू नये, लेप निघून जातो. याला मेकॅनिक लागत नाही.

मेकॅनिकची मोठी सर्व्हिस वर्षातून दोनदा: मे महिन्यात पावसाआधी, आणि चवथीनंतर सीझन सुरू होण्याआधी. एमसीबी पाडायचा, त्यावर 'काम चालू' ची चिठ्ठी, आणि इन्व्हर्टर मॉडेल असेल तर दहा मिनिटे थांबून कॅपॅसिटरवर मल्टिमीटर लावल्याशिवाय आत हात नाही. वीज तोडल्यावरही काही वेळ तिथे तीनशेहून जास्त व्होल्ट उरलेले असू शकतात. नंतर टर्मिनल आवळणे, मुंग्या आणि पाली पीसीबीवरून (इलेक्ट्रॉनिक पट्टीवरून) काढणे, ड्रेन मोकळा करणे, सुरक्षा व्हॉल्व्हची दांडी उचलून पाणी सुटते का पाहणे (कढत असते, नळीपासून दूर राहून), तळाच्या कॉकने गाळ काढणे, कांडी तपासणे. आलेला माणूस नुसता जाळीवर पाणी मारून सही मागत असेल तर ती सर्व्हिस नव्हे.

पाणी कोमट येत असेल तर सगळ्यात आधी टाकीचा सेन्सर त्याच्या खोबणीतून बाहेर आलाय का ते बघावे. हे फुकटचे काम आहे आणि बरेचदा तेवढेच असते. बिल अचानक वाढले असेल तर कॉम्प्रेसर बंद पडून सगळा भार बॅकअप कॉइल ओढत असणार. क्लॅम्प मीटरने दोन मिनिटांत कळते. आणि आउटडोअरच्या जाळीवर बर्फ दिसला तर गोव्यात त्याला हवामानाचे कारण असूच शकत नाही. पंखा मंदावलाय, जाळी चोंदली आहे किंवा गॅस कमी झालाय. पहिली दोन कारणे नजरेनेच कळतात. तिसरे असेल तर गळती कुठे आहे हे सापडून ती बंद होईपर्यंत गॅस भरू देऊ नये, आणि सापडलेली जागा बिलावर लिहून घ्यावी.